घड्याळी तासावरचा प्राध्यापक

तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कला महाविद्यालयात राज्यशास्त्र, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकवणारा माणूस अनेकदा त्या महाविद्यालयाच्या नोकरीत नसतोच. तो ‘सीएचबी’वर (क्लॉक अवर बेसिस) असतो, शासकीय भाषेत, तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते पैसे. जूनमध्ये, नाहीतर उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाची परवानगी लांबली तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जाहिरात निघते, मुलाखत होते, नेमणुकीचं पत्र मिळतं आणि वर्ष संपलं की पत्राचीही मुदत संपते. पुढच्या वर्षी तोच माणूस त्याच टेबलासमोर पुन्हा मुलाखतीला बसतो आणि ‘स्वतःविषयी थोडं सांगा’ या प्रश्नाला पुन्हा उत्तर देतो. त्याच्याकडे एम.ए. असतं, नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पास केलेली असते, बऱ्याचदा पीएच.डी.ही असते. वर्गातल्या मुलांना यातलं काही माहीत नसतं. त्यांच्या लेखी ते सर असतात, त्या मॅडम असतात.

आधी पैशांचा हिशेब करून टाकू. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने तासिकेचा दर वाढवला. कला शाखेच्या पदवी वर्गासाठी तो ६२५ रुपयांवरून ९०० झाला, पदव्युत्तरला ७५० वरून १,०००. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास. अध्यापनाचे आठवडे वर्षाला तीस धरले तर २ लाख ४३ हजार रुपये होतात. बारा महिन्यांवर पसरले की महिन्याला २० हजार २५०. तेही सगळे तास मिळाले, एकही सुट्टी आडवी आली नाही आणि बिल वेळेवर निघालं तर. तीन अटींपैकी तिसरी पूर्ण झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. त्याच स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये असतं, महागाई भत्ता वेगळा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे त्याने आठवड्याला १६ तास शिकवायचं. तीस आठवड्यांचे ४८० तास झाले. नुसतं मूळ वेतन त्यावर वाटलं तरी तासाला साधारण १,४४० रुपये पडतात. म्हणजे एकाच वर्गातल्या एकाच विषयाच्या तासाची सरकारने ठरवलेली किंमत, समोर कोण उभं आहे त्यावरून बदलते. खुद्द आयोगाने जानेवारी २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५० हजार असं मानधन सुचवलं होतं. महाराष्ट्र सहा वर्षांनंतरही त्याच्या आसपास नाही.

हा अन्याय उघड आहे आणि त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्या लेखांचा सूर बहुतेक वेळा करुण असतो: चाळिशीला आलेला पीएच.डी.धारक, लग्न न जमलेला, सुट्टीत शेतात राबणारा. हे सगळं खरं आहे. पण करुणेचा एक तोटा असतो. वाचणारा हळहळतो आणि प्रश्न त्या बिचाऱ्या माणसाचा आहे असं समजून पुढे जातो. माझं म्हणणं असं आहे की प्रश्न वर्गात बसलेल्या मुलांचा आहे. ज्याची नेमणूक दर वर्षी नव्याने कुणाच्या तरी मर्जीवर ठरते, त्याच्याकडून मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं नीट शिकवून होत नाहीत. त्याची विद्वत्ता कमी पडते म्हणून नव्हे. या विषयांचा पोतच असा आहे की ते शिकवायला बोलण्याची मोकळीक लागते, आणि नोकरीची शाश्वती नसेल तिथे ती मोकळीक राहत नाही. काही जण तरीही शिकवतात. ते त्यांचं मोठेपण, त्यावर धोरण आखता येत नाही.

हे हवेत राहू नये म्हणून दोन तासांची उदाहरणं देतो.

पहिला तास राज्यशास्त्राचा, विषय स्थानिक स्वराज्य संस्था. पुस्तकात लिहिलेलं असतं की १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षांची केली आणि मुदत संपण्याआधी निवडणूक बंधनकारक केली. वर्गात बसलेल्या बहुतेक मुलांच्या जिल्हा परिषदेवर मात्र २०२२ पासून प्रशासक बसलेला होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं बजावेपर्यंत चित्र तेच होतं. अठरा वर्षांची झालेली, मतदार यादीत नाव असलेली, पण जिल्हा परिषदेसाठी कधीच मत न दिलेली मुलं समोर आहेत आणि त्यांना तुम्ही सत्तेचं विकेंद्रीकरण शिकवता आहात. एखादी मुलगी हात वर करून विचारते, “सर, मग हे घटनेविरुद्ध नाही का झालं?” राज्यशास्त्राच्या शिक्षकाला याहून चांगला प्रश्न जन्मात मिळायचा नाही. उत्तर द्यायचं तर ओबीसी आरक्षणाची तिहेरी चाचणी, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी घातलेल्या तीन अटी, समजावावी लागते, प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाचा की सरकारचा हा वाद सांगावा लागतो, निवडणुका लांबल्याने कुणाकुणाची सोय झाली हेही ओघाने येतं. त्यात सत्तेवर आलेले सगळेच पक्ष येतात. आता संस्थेचे अध्यक्ष आमदार आहेत, नाहीतर माजी आमदार आहेत, नाहीतर उद्या व्हायचे आहेत असं समजा. महाराष्ट्रात हे समजायला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही. पुढच्या जूनमध्ये मुलाखतीच्या टेबलापलीकडे त्यांचाच माणूस असणार. सीएचबीवरचा शिक्षक अशा वेळी काय करतो? “प्रश्न चांगला आहे, पण परीक्षेला येत नाही,” असं म्हणतो आणि ग्रामसभेची कार्ये लिहून घ्यायला सांगतो.

दुसरा तास इतिहासाचा, मराठवाड्यातला. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. तहसील कचेरीत मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. २ सप्टेंबर २०२५ ला मराठ्यांना कुणबी दाखले देण्याबाबतचा, हैदराबाद गॅझेटियरच्या आधारावरचा शासन निर्णय आला. वर्गात मराठा मुलं आहेत, माळी, धनगर, वंजारी मुलं आहेत, दलित मुलं आहेत, आणि सगळ्यांच्या घरी संध्याकाळी याच विषयावर बोललं जातं. इतिहास नावाच्या विषयाची इतकी निकड या भागात गेल्या पन्नास वर्षांत कुणाला वाटली नसेल. गॅझेटियर म्हणजे काय, ते कोण कशासाठी लिहीत असे, जनगणनेत माणूस स्वतःची जात काय सांगे आणि लिहिणारा काय लिही, एका पिढीत नाव कसं बदलतं, एका नोंदीवरून किती सिद्ध होतं आणि किती होत नाही: हे सांगणं म्हणजेच इतिहास शिकवणं. आणि हे सांगताना एक वाक्य इकडचं तिकडे झालं तर रात्रीपर्यंत तासाचा तुकडा व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो, सकाळी प्राचार्यांच्या केबिनबाहेर दहा-बारा जण उभे असतात. कायम नोकरीतल्या शिक्षकाला अशा सकाळी त्रास होतो. सीएचबीवरच्या शिक्षकाला दुसऱ्या दिवसापासून तास नसतात. त्याला काढल्याचं पत्रही द्यावं लागत नाही, वेळापत्रकातून नाव गेलं की झालं. म्हणून तो ‘हैदराबाद मुक्तिसंग्रामाची कारणे: एक, दोन, तीन’ असं फळ्यावर लिहितो. मुलं उतरवून घेतात. त्याला मी दोष देत नाही.

शिवाय त्या एका तासामागे जे वाचन लागतं, त्याचं मोल कुठल्याच दरपत्रकात नाही. गणिताची पद्धत एकदा हातात बसली की ती पुढच्या वर्षीही चालते असं माझे गणिताचे मित्र सांगतात (तेही पूर्ण खरं नसावं, पण वाद नको). समाजशास्त्राच्या तासाचं तसं नसतं. जमीन, शेती, स्थलांतर, जात, लग्नं, पक्ष, सगळं दर वर्षी हलतं. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची मुलं नोव्हेंबरात वर्गातून कमी होतात, तेव्हा स्थलांतराचा धडा तुमच्यासमोर रिकाम्या बाकांवर असतो. तो वाचता यायला हवा. त्यासाठी अहवाल चाळावे लागतात, गावात जाऊन बसावं लागतं, जुनी मासिकं शोधावी लागतात. सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या महाविद्यालयात दोन तास आणि संध्याकाळी क्लास असं ज्याचं आयुष्य आहे, त्याने हे कधी करायचं?

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत बोचणारा असा: कायम असलेले तरी कुठे बोलतात? आक्षेप खरा आहे. वीस-पंचवीस वर्षं सुरक्षित नोकरीत असलेले, सातवा वेतन आयोग घेतलेले कितीतरी प्राध्यापक आयुष्यभर एकच वही वापरतात, आणि संस्थाचालकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्यांचे फोटो हौसेने छापलेले असतात. शाश्वतीने धैर्य येतंच असं नाही. पण शाश्वती नसताना धैर्याची अपेक्षा करणं म्हणजे दुसऱ्याच्या घराच्या भाड्यावर आपलं नीतिशास्त्र चालवणं. मी स्वतः कायम नोकरीत आहे. हा लेख लिहिताना माझं फारसं काही पणाला लागलेलं नाही, म्हणूनच तो माझ्या नावाने छापून यायला मला अडचण नाही. हाच मजकूर माझ्या विभागातल्या सीएचबीवरच्या सहकाऱ्याने लिहिला असता तर टोपणनावाने लिहिला असता.

कायम असूनही गप्प बसणाऱ्यांचं एक कारण त्यांच्या निवडीत आहे, आणि त्याबद्दल आपण सगळे कुजबुजत बोलतो. अनुदानित महाविद्यालयातल्या शिक्षकाचा पगार सरकार देतं आणि निवड खासगी संस्था करते. निवड समितीत विद्यापीठाचे विषयतज्ज्ञ असतात, आरक्षणाची बिंदुनामावली तपासलेली असते, कागदावर सगळं चोख असतं. तरीही कुठल्याही सेटधारक मुलाला विचारा, जागा निघाली की पहिली चौकशी कशाची होते. ‘रेट काय चाललाय?’ आकडा मी इथे लिहीत नाही, कारण तो कुठेच लिहिलेला नसतो. जमीन विकून लागलेला माणूस पहिली दहा वर्षं कर्ज फेडत असतो. त्याच्याकडून मोकळ्या बोलण्याची अपेक्षा सीएचबीवाल्याइतकीच फोल. पैसा देणारा एक आणि निवडणारा दुसरा या रचनेत सीएचबी ही संस्थांना फार सोयीची उतरंडीची पहिली पायरी झाली आहे. पाच वर्षं तासिकेवर राबवायचं, ‘जागा निघाली की आपल्याच माणसाचा विचार करू’ म्हणायचं, आणि जागा निघाली की माणूस दुसराच येतो.

जागा निघतात तरी किती? २०१८ मध्ये सरकारने रिक्त पदांपैकी ४० टक्के, म्हणजे ३,५८० सहायक प्राध्यापक पदं भरायला परवानगी दिली. ती भरती रेंगाळत असताना करोना आला आणि मे २०२० मध्ये वित्त विभागाने नव्या भरतीला खीळ घातली. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच ३,५८० मधली उरलेली २,०८८ पदं भरायला पुन्हा मुभा मिळाली. म्हणजे तीन वर्षांत काम अर्ध्यावरही आलं नव्हतं, आणि तेही रिक्त पदांच्या चाळीस टक्क्यांचंच. उरलेल्या साठ टक्के जागांवर दरम्यान शिकवत कोण होतं? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि त्यांचं वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावं. तासिकावाला कंत्राटी नाही अशी पळवाट काढून राज्याने दोन्ही अटी वळशाने ओलांडल्या. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात तर आयोगाने दहा टक्क्यांची मर्यादाच गाळून टाकली. जो नियम मोडला जातो तो पुसून टाकला की नियमभंग शिल्लक राहत नाही, हे आपल्याकडे धोरण म्हणून चालतं.

दुसरा आक्षेप: आर्ट्सला आता येतं कोण? कलाशाखा मरायला टेकली आहे, मग शिक्षक कशाला? हे शहरातल्या मध्यमवर्गाचं मत आहे आणि ते आकड्यांत टिकत नाही. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशातल्या पदवी पातळीवरच्या विद्यार्थ्यांपैकी ३४.२ टक्के कलाशाखेत होते. विज्ञानाला १५ टक्क्यांच्या आत, वाणिज्यला १३ च्या आसपास, अभियांत्रिकीला १२ च्या आत. म्हणजे शिकणाऱ्या तीन मुलांतलं एक आजही कलाशाखेत आहे. ते मूल पुण्याच्या कर्वे रस्त्यावर दिसत नसेल, पण गेवराईला, अक्कलकुव्याला, जतला दिसतं, आणि तिथे ते घरातलं पदवी घेणारं पहिलं मूल असण्याची शक्यता बरीच आहे. सगळ्यांत गरीब विद्यार्थ्यांना सगळ्यांत असुरक्षित शिक्षक द्यायचा, असं कुणी ठरवून केलं नसेल. झालं मात्र तसंच आहे.

प्रवेश आहेत, पण मुलं वर्गात नसतात, हे मात्र मान्य करायला हवं. पटावर एकशेवीस आणि वर्गात अठरा हे दृश्य आता कुणाला धक्का देत नाही. कारणं अनेक आहेत. बरीच मुलं काम करतात. उरलेली स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असतात, आणि इथे एक विनोद आहे ज्यावर कुणी हसत नाही. एमपीएससीचा अभ्यास म्हणजे काय? महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, भारतीय राज्यघटना, अर्थव्यवस्था. जो विषय बी.ए.च्या वर्गात जवळजवळ फुकटात मिळतो आणि कुणी ऐकायला येत नाही, तोच विषय सदाशिव पेठेत पन्नास हजार फी भरून, मांडीला मांडी लावून ऐकला जातो. कित्येकदा शिकवणाराही नेट झालेला, कुठल्याशा महाविद्यालयात सीएचबी करणारा माणूसच असतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. मुलांना आता आठ-दहा ओळींत स्वतःचं म्हणणं मांडायचं आहे, आणि ते नेमकं त्यांना येत नाही, कारण तीन वर्षांच्या पदवीत त्यांच्या एकाही निबंधावर कुणी लाल शाईने ‘हे असं का म्हणतोस?’ असं लिहिलेलं नाही. लिहिणार कोण? निबंध तपासायला तासिका नसते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या गोंधळात आपली भर घातली. संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ते आलं. मेजर, मायनर, ओई, एसईसी, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, ओजेटी, सीईपी... स्टाफरूममधले निम्मे वाद आता ही अक्षरं कशाची आहेत यावर होतात. विषयांची निवड वाढवण्याचा हेतू चांगला आहे, मला तो पटतो. कलाशाखेच्या मुलीने थोडं संख्याशास्त्र शिकावं आणि विज्ञानाच्या मुलाने समाजशास्त्र, यात वाईट काय? पण पद मंजूर होतं ते कार्यभारावर, म्हणजे विषयाच्या आठवड्याच्या एकूण तासांवर, आणि कार्यभार आता दोन-दोन श्रेयांकांच्या तुकड्यांत विखुरला आहे. तुकड्यांवर पद उभं राहत नाही, तासिका उभ्या राहतात. त्यामुळे भारतीय ज्ञानप्रणालीचा तास ज्याच्या वेळापत्रकात फट आहे त्याच्याकडे जातो, मग त्याचा विषय हिंदी असो की भूगोल. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं. आनंदच आहे. फक्त पेढा खाणाऱ्या मराठी विभागांत किती जण कायम होते, हेही कुणीतरी एकदा मोजायला हवं.

असुरक्षिततेचा आणखी एक परिणाम कागदावर दिसतो, अक्षरशः. निवडीच्या छाननीत शोधनिबंधांना गुण असतात. गुण हवेत म्हणून निबंध हवेत, निबंध हवेत म्हणून पैसे घेऊन छापणारी ‘आंतरराष्ट्रीय बहुभाषिक’ नियतकालिकं उगवली. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांच्या पाहणीत विद्यापीठांनी शिफारस केलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत न बसणारी निघाली. मग मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली. तिचं कामकाज पुण्याच्या विद्यापीठातूनच चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि जबाबदारी संस्थांवर टाकली. या सगळ्यात बेरोजगार सेटधारकाने आपल्या तुटपुंज्या मानधनातून किती छपाई शुल्क भरलं असेल? चार वर्षं शांतपणे एकाच गावाचा, एकाच बाजारपेठेचा अभ्यास करून एक चांगला निबंध लिहिणारा माणूस या शर्यतीत मागे पडतो. सामाजिक शास्त्रात चांगलं काम बहुधा असंच हळू होतं.

त्यागाचा मुद्दाही कधीकधी निघतो, विशेषतः संस्थेच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत. शिक्षकी पेशा हे व्रत आहे, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या पगारावर फर्ग्युसन उभारलं, टिळक-आगरकर काय पैशासाठी शिकवत होते का, वगैरे. इतिहास थोडा नीट वाचला तर हे उदाहरण उलटं लागू पडतं. ते आजीव सदस्य संस्थेचे नोकर नव्हते, संस्था त्यांची होती. पगार किती घ्यायचा हे ते स्वतः ठरवत आणि त्यावर कडाडून भांडतही. आजीव सदस्यांनी बाहेरून मिळकत करावी की नाही हा १८९० च्या सुमारास टिळक सोसायटीतून बाहेर पडले त्या वादातला एक मोठा मुद्दा होता. ज्याच्या हाती कारभार आहे त्याने कमी घेणं हा त्याग. ज्याला समितीत खुर्ची नाही, मत नाही, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही, त्याच्याकडून कमी पैशांत काम करून घेणं याला वेगळं नाव आहे आणि ते कामगार कायद्याच्या पुस्तकात सापडेल.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या खटल्यात हेच बोलून दाखवलं. ते लोक अभियांत्रिकीचे होते, महिन्याला तीस हजारांवर राबत होते आणि शेजारी नियमित प्राध्यापक लाखाच्या वर घेत होते. न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीची किमान पातळी द्यायला सांगितलं, आणि समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणत राहणं पुरेसं नाही अशा आशयाची कानउघाडणी केली. हा निकाल महाराष्ट्रातल्या तासिकावाल्यांना जसाच्या तसा लागू होणार नाही. इथे माणूस पूर्णवेळ नाहीच असं सरकार म्हणेल. नऊ तासांची मर्यादा मुळात त्यासाठीच तर आहे. सोळा तासांचं काम नऊ आणि सात असं दोघांत वाटलं की एकही पूर्णवेळ उरत नाही आणि समान वेतनाचा दावाही उभा राहत नाही.

पैसे नाहीत, हे सरकारचं उत्तर असेल. असू शकेल, राज्याच्या तिजोरीवर काय काय लादलं आहे ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला दिसतं. सगळी पदं उद्या भरा असं मी म्हणत नाही. पण कार्यभार पूर्ण भरतो तिथे दोन तासिकावाल्यांऐवजी एक पूर्णवेळ माणूस, पाच वर्षांच्या लेखी नेमणुकीवर, ५७,७०० या सुरुवातीच्या मूळ वेतनावर घ्यावा. त्याची निवड संस्थेने न करता विद्यापीठ पातळीवरच्या गुणवत्ता यादीतून व्हावी. शाळांच्या शिक्षकभरतीसाठी ‘पवित्र’ पोर्टल आलं तेव्हाही संस्थाचालकांनी आकाश कोसळल्यासारखा गलका केला होता. त्यात त्रुटी आहेत, मुलाखतीची वाट संस्थांना ठेवलेली आहे, तरी गावोगावच्या गरीब डी.एड.धारक मुलींना एक पैसाही न देता नोकरी लागल्याची उदाहरणं त्याच पोर्टलने दाखवली. महाविद्यालयांना तो नियम का नको, याचं उत्तर स्वायत्ततेच्या नावाखाली दिलं जातं. शिक्षकाच्या बोलण्याची स्वायत्तता त्या भाषणात कधी नसते. पाच वर्षांची मुदत मिळाली तर माणूस निदान चार वर्षं निर्धास्त शिकवेल. आज एक वर्षही नाही.

आणि शेवटी आमच्या संघटना. २०१३ मध्ये फेब्रुवारी ते मे आम्ही परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता. नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न होता, थकबाकीचा होता. मागण्या रास्त होत्या, किंमतही मोजली. ७१ दिवसांचा पगार सरकारने अडवला. सीएचबीसाठी तसं काही आम्ही कधी केलेलं नाही, आणि याचं कारण मला ठाऊक आहे. महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, नॅकची, फाइल रात्री जागून तेच करतात, उत्तरपत्रिका तपासणीच्या कॅप सेंटरवर गठ्ठे तेच संपवतात, आम्ही रजेवर असताना आमचे तासही तेच घेतात. त्यांची असुरक्षितता आमच्या सोयीची आहे.

बहिष्काराइतकं मोठं काही लगेच होणार नाही, पण २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते आणि तीत शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. प्रत्येक विषयात मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकेवर किती जण आहेत आणि त्यांचं मानधन कुठल्या महिन्यापर्यंत दिलं गेलं आहे, एवढं दर सत्रात महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर टाकावं, असा चार ओळींचा ठराव तिथे मांडता येतो. त्याला खर्च नाही, सहसंचालकांची परवानगी लागत नाही. कलाशाखेत प्रवेश घेणाऱ्या मुलीच्या बापाला आपल्या मुलीला कोण, किती काळ शिकवणार आहे हे फी भरण्याआधी कळेल. आमच्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी तो मांडणार आहे. नामंजूर झाला तर तसं इतिवृत्तात लिहावं लागेल, विरोध करणाऱ्यांच्या नावांसह.